वाचकांचे प्रश्न : मैत्री, उबुंटू आणि साडेचार हजार रुपये

प्रश्न : मी नागपूरच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ‘मैत्री’ आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘उबुंटू’ या संकल्पनांची तुलना करणारा लेख मी इंग्रजीत लिहिला आहे. एका ‘आंतरराष्ट्रीय ओपन ॲक्सेस’ नियतकालिकाचा ई-मेल आला : पाच दिवसांत प्रसिद्धी, सोबत प्रमाणपत्र, शुल्क साडेचार हजार रुपये. सहकारी म्हणतात की ओपन ॲक्सेस म्हटले की लेखकाला पैसे भरावेच लागतात. हे खरे आहे का?
– एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : खरे नाही. हे पैसे भरू नका.

ओपन ॲक्सेस म्हणजे मुक्त प्रवेश, आणि हा प्रवेश वाचकाचा आहे. फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्टच्या आणि ऑक्टोबर २००३ मधील बर्लिनच्या जाहीरनाम्यांनी मांडलेली मागणी अशी की, संशोधनपर लेखन इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि इतरांना देता यावे. खर्च कोणी उचलायचा, याची एकच एक रीत त्यांनी ठरवून दिली नव्हती. विज्ञानातील अनेक नियतकालिके तो लेखकाकडून ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून वसूल करतात आणि त्यातूनच आपल्याकडे हा गैरसमज रुजला असावा. लेखकाकडून काही घ्यायचे नाही आणि वाचकाकडूनही नाही, अशा पद्धतीला ‘डायमंड’ ओपन ॲक्सेस म्हणतात. आपल्या विषयातील काही चांगली नियतकालिके याच वाटेने चालतात. इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेसचे ‘जर्नल ऑफ वर्ल्ड फिलॉसॉफीज’ आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीतून २०१० पासून निघणारे ‘कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी’ ही त्यांची दोन उदाहरणे. दुसरीकडे १९५१ मध्ये हवाई येथे सुरू झालेले ‘फिलॉसॉफी ईस्ट अँड वेस्ट’ हे या क्षेत्रातील जुने आणि मानाचे नियतकालिक वर्गणीवर चालते, म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. मुक्त असणे आणि दर्जेदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला आलेल्या ई-मेलमध्ये नेमकी हीच गल्लत करून ठेवलेली आहे.

पाच दिवसांत प्रसिद्धी याचा सरळ अर्थ असा की लेख कोणी तपासणार नाही. तज्ज्ञांकडून परीक्षण व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षही जाते. आयएसएसएन क्रमांकावर भिस्त ठेवू नका. तो नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘डीओएजे’ या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत नाव आहे का ते पाहावे आणि शुल्काचा तपशील तेथेच वाचावा. याहून खात्रीची कसोटी जुन्या वळणाची आहे : त्या नियतकालिकातील आपल्या विषयाचे दोन लेख पूर्ण वाचावेत आणि संपादक मंडळातील एखाद्या सदस्याला थेट पत्र लिहून, आपण खरोखर या मंडळावर आहात का, असे विचारावे. आपले नाव तेथे छापले गेले आहे याचा पत्ताच नसलेले सदस्य निघतात.

आता थोडे लेखाविषयी, कारण मुक्त प्रवेशाचा प्रश्न आपल्या विषयात निव्वळ पैशांचा उरत नाही. व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ फ्रान्झ मार्टिन विमर यांनी आंतरसांस्कृतिक तत्त्वज्ञानासाठी ‘पॉलिलॉग’, म्हणजे अनेकांचा परस्परांशी चाललेला संवाद, ही कल्पना मांडली. त्याच नावाचे नियतकालिक व्हिएन्नाहून १९९८ पासून निघते. त्यांच्या विवेचनातील किमान नियमाचा आशय असा की, ज्या सिद्धान्ताच्या घडणीत एकाच सांस्कृतिक परंपरेतील माणसांचा हात आहे, तो सुस्थापित मानू नये. हा नियम आपल्या लेखाला लावून पाहा. ‘माणूस माणसांमुळे माणूस होतो’ या झुलू म्हणीशी जोडलेली उबुंटूची कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात शब्दशः आली, आणि १९९५ मध्ये तेथील घटना न्यायालयाने देहान्ताची शिक्षा रद्द करताना तिचा आधार घेतला. इकडे बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मध्ये ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुता हा शब्द अपुरा ठरवून बुद्धाची ‘मैत्री’ हा योग्य शब्द मानला, आणि ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात आपले तत्त्वज्ञान फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून आलेले आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे दोन्हीकडे परंपरेतला शब्द राज्यघटनेच्या विचाराशी येऊन भिडतो. तुलना येथे खरोखर रंगते. पण मैत्रीची व्याप्ती सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते आणि उबुंटू माणसांमाणसांतील नात्यावर उभे आहे, असे आपण लिहिले असेल, तर त्यावर डर्बनमधील झुलूभाषक अभ्यासक हरकत घेऊ शकतो. पूर्वज आणि भूमी यांना आपण का वगळले, असे तो विचारेल. त्याला लेख वाचायला मिळालाच नाही, तर हरकत घेणार कोण? ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांनाच वाचता न येणारी तुलना मला अर्धवट वाटते. साडेचार हजारांच्या नियतकालिकात लेख खुला असेल, पण तेथे त्या अभ्यासकाचे लक्ष जाणार नाही.

प्रश्न : फुकट वाचायला मिळते, तर खर्च कोण करतो? आणि लेख असा उघड्यावर ठेवल्यास चोरी होणार नाही का?
– एक निवृत्त वाचक, धरमपेठ

उत्तर : खर्च विद्यापीठे करतात, काही ठिकाणी अनेक ग्रंथालये वर्गणी काढून करतात, ब्रिटनमधील ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ २०१५ पासून याच पद्धतीने चालते. ‘ओपन जर्नल सिस्टम्स’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळत असल्याने छोट्या विभागालाही नियतकालिक चालवता येते. संपादकांचे श्रम मात्र बहुतेकदा बिनमोबदला असतात आणि हे फारसे कौतुकाचे नाही.

चोरीची भीती मला उलटीच वाटते. कपाटात बंद असलेल्या प्रबंधातून उचलेगिरी केली तर ती कोणाला कळत नाही. खुल्या लेखातली चोरी शोधयंत्र क्षणात पकडते. शिवाय मुक्त प्रवेश म्हणजे हक्क सोडणे नव्हे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ चे परवाने डिसेंबर २००२ पासून प्रचारात आहेत आणि त्यांतील सर्वांत उदार अशा ‘सीसी बाय’ परवान्यातही मूळ लेखकाचे नाव देणे बंधनकारक असते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘एनडी’ ही अक्षरे असलेला परवाना घेतला, तर लेखाचा अनुवाद करून तो इतरांना देता येत नाही. आपल्या लेखाचा झुलू किंवा मराठी अनुवाद व्हावा असे ज्याला वाटते, त्याने तो परवाना घेऊ नये. सावधगिरी म्हणून अनेक जण नेमका तोच निवडतात.

प्रश्न : मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद झाल्यावर लेख कोठे द्यावा हे कळेनासे झाले आहे. मला तर मराठीतच लिहायचे आहे.
– पीएच.डी. विद्यार्थी, वर्धा रस्ता, नागपूर

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी थांबवली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. त्याआधी २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची यूजीसीची सक्तीही काढून टाकली होती. आपल्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते मार्गदर्शकांना विचारून घ्यावे. तशी अट नसेल, तर घाईने कोठेही छापण्याचे कारण उरत नाही.

मराठीत तत्त्वज्ञानाच्या लेखनाला ‘परामर्श’ सारख्या नियतकालिकाची परंपरा आहे, तेव्हा संकोच नको. लेखाला इंग्रजी सारांश जोडावा आणि त्यात ‘मैत्री’, ‘करुणा’ या शब्दांची भाषांतरे न देता मूळ शब्दच ठेवावेत, म्हणजे परभाषक वाचकाला निदान कोठे थांबायचे ते कळेल. प्रबंध मराठीत असला तरी तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर खुला राहतो. ज्यांनी तो कधी उघडून पाहिलेला नाही, अशा मार्गदर्शकांची संख्या कमी नसावी.

प्रश्न : मी कोणत्याही महाविद्यालयात नाही, बँकेत नोकरी करतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून मला हे सारे वाचता येईल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची, वर्गणीची नियतकालिके वाचायला देणारी ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे; स्वतंत्र वाचक तिच्या बाहेरच राहतो.

तरीही आपल्यासमोर पुष्कळ काही खुले आहे. दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, ती पाहिलेल्या नागपूरकराला ग्रंथ वाचकाच्या हाती पोचण्याचे महत्त्व मी काय सांगावे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी समग्र वाङ्मय आज इंटरनेटवर विनामूल्य मिळते. आफ्रिकेतील नियतकालिकांसाठी १९९८ पासून चालणारे ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ पाहावे. त्यातील सर्वच लेख खुले नाहीत, पण बरेच आहेत. आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेले पत्र आहे. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती यांतील साम्य सांगून त्यांनी त्यात कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. डु बॉइस यांचे उत्तरही त्याच संग्रहात खुले आहे. पत्र छोटेच आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचून होईल. तेथूनच सुरुवात करा.