दुर्मीळ नोट हातात घेण्यापूर्वी

चि.,
अनेक आशीर्वाद.

पाकिस्तानच्या अगदी पहिल्या नोटा जमवायच्या असं तू लिहिलंस, वाचून फार आनंद झाला. मराठी माणसाने त्यांचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्या आपल्या नाशिकला छापल्या गेल्या.

१ एप्रिल १९४८ पासून त्या चलनात आल्या. एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपये. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली नेहमीची भारतीय नोट, फक्त कोऱ्या जागेत वर इंग्रजीत आणि खाली उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव. एक रुपयाची नोट भारत सरकारची, म्हणून तिच्यावर वित्त सचिवांची सही. बाकी चारींवर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची. ३० जून १९४८ पर्यंत तीच बँक दोन्ही देशांचं चलन सांभाळत होती. घरंदारं तुटत होती, रेल्वेगाड्या प्रेतं घेऊन येत होत्या, आणि तरीही रोहे-महाडकडच्या एका माणसाच्या सहीवर कराचीतला व्यवहार चालत होता. माझ्या लेखी या नोटेचं मोल ते आहे. १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली आणि ऑक्टोबरात इंग्लंडच्या डे ला रू कंपनीने छापलेल्या नव्या नोटा आल्या.

आता सावध राहायची गोष्ट. याच मालिकेच्या साध्या भारतीय नोटा आजही सहज मिळतात, त्यामुळे त्यांवर चार शब्द छापून भाव वाढवण्याचा मोह लोकांना होतो. म्हणून आधी तशी एक साधी, वापरलेली नोट घे आणि भिंगाखाली तिची शाई, घड्या, मळ बघत बस. जुन्या नोटेवर घडी पडली की तिथली शाई झिजते, मग ती राजाच्या चित्रावरची असो की अक्षरांची. बाकी छपाई घडीवर झिजलेली आणि पाकिस्तानचं नाव मात्र त्याच घडीवरून अखंड, ठसठशीत गेलेलं दिसलं, तर नोट खाली ठेव. नंबरापुढचं प्रीफिक्स, म्हणजे अक्षर-आकड्यांची खूणही, नोटांच्या कॅटलॉगशी जुळवून बघ.

टाचणीच्या भोकांना नाक मुरडू नकोस. तेव्हा नोटांची बंडलं टोचूनच बांधत. धुतलेली, इस्त्री केलेली नोट मात्र नको, कितीही कोरी दिसली तरी. तिचा कागद मेलेला असतो. पीव्हीसीच्या पिशव्या टाळ, मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं घे. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर नाहीच.

शंभराची नोट सर्वांत दुर्मीळ, तिच्यामागे इतक्यात धावू नकोस. दहाची बघ. पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि उजेडासमोर धरून वॉटरमार्कचा, म्हणजे कागदातल्या जलचिन्हाचा, असे फोटो मला पाठव. विक्रेता घाई करायला लागला तर त्याला सरळ नाही म्हण.

तुझा,
काका