फेरारी, फेरेरो, फाब्री: लोहार एक, आडनावं अनेक

प्रश्न असा होता: ‘फेरारी’ या आडनावाचा अर्थ काय, इटलीत ते खरंच सर्रास आढळतं का, आणि आपल्या ‘फरारी’शी त्याचं काही नातं आहे का?

शेवटचं आधी निकालात काढतो. ‘फरारी’ अरबी ‘फिरार’वरून, म्हणजे पलायनावरून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. फेरारीचं मूळ लॅटिन. दोघांचा काडीचाही संबंध नाही.

लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे ‘फेर्रुम’ आणि लोखंडाचं काम करणारा तो ‘फेर्रारिउस’. तेव्हा फेरारी म्हणजे सरळसरळ लोहार. इटलीतल्या आडनावांच्या क्रमवारीत रॉस्सी आणि रुस्सो यांच्यामागोमाग सहसा याचाच नंबर लागतो. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. गावात शेतकरी ढिगाने, त्यामुळे ‘शेतकऱ्याचा अमुक’ म्हणून कुणाची ओळख पटत नाही. लोहार मात्र गावात एखादाच आणि त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. ‘लोहाराचा’ म्हटलं की घर कळलं!

खरी गंमत शेवटच्या अक्षरात आहे. फेरारी प्रामुख्याने उत्तरेतलं, लोम्बार्दी आणि एमिलियाकडचं. तिथल्या आडनावांना शेवटी ‘ई’ लागतो. काही जण त्यात ‘लोहाराचा’ ही लॅटिन षष्ठी पाहतात, काही जण ‘लोहार मंडळी’ हे अनेकवचन. मला दोन्ही पटतात, कारण घराण्याचं नाव दोन्ही अंगांनी घेतलं जातं. दक्षिणेत एकवचन टिकलं, म्हणून तिकडे ‘फेर्रारो’. पिएमाँतमध्ये त्याचं ‘फेरेरो’ झालं. चॉकलेटवाल्या फेरेरोंची कंपनी १९४६ साली तिथल्याच आल्बा गावात सुरू झाली. लॅटिनमध्ये कारागिराला दुसरा शब्द होता, ‘फाबेर’. त्यातून ‘फाब्री’, व्हेनेतोकडचं ‘फाव्हेरो’ आणि सार्डिनियातलं ‘फ्राउ’ आलं. हे फ्राउ पाहून जर्मन बाईंची आठवण काढू नये, तेही लोहारच आहेत.

मोटारींचे एन्झो फेरारी १८९८ साली मोदेनात, म्हणजे या आडनावाच्या अगदी माहेरीच जन्मले. त्यांच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता, पण आडनाव त्यावरून पडलेलं नाही. इटलीत बहुतेक आडनावं मध्ययुगातच वंशपरंपरेने चालू लागली होती. पुढे १५६३ साली त्रेंतोच्या धर्मपरिषदेने विवाहनोंदी सक्तीच्या केल्या, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींबरोबर त्यांनी आडनावं आणखी पक्की केली. त्यानंतर मुलगा शिंपी झाला तरी आडनाव फेरारीच राहिलं.

गोव्यातलं ‘फरेरा’ही याच ‘फेर्रुम’च्या कुळातलं आहे, पण ते पोर्तुगीज आणि मुळात धंद्यावरून नव्हे, गावावरून आलेलं. लोखंडाची खाण किंवा भट्टी असलेल्या जागांना पोर्तुगालमध्ये हे नाव पडे आणि तिथल्या माणसांना तेच चिकटे.