हातोडा गाडीतच राहू दे

किड्यांचे जीवाश्म शोधायला अमेरिकेत कोलोरॅडोला जातोयस तर आधी एक ध्यानात घे. फ्लोरिसंटचं जीवाश्मांचं राष्ट्रीय स्मारक १९६९ पासून संरक्षित आहे, तिथला एक कपचाही उचलायचा नाही. शेजारच्या खाजगी खाणीत मात्र पैसे भरून शेल, म्हणजे पातळ थरांचा दगड, फोडता येतो.

तिथला शेल म्हणजे जुन्या वहीची चिकटलेली पानं. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी तळ्याच्या तळाशी बसलेली ज्वालामुखीची राख आणि डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल. पातळ पात्याची सुरी कडेच्या रेषेवर टेकव, जरासा पीळ दे. पापुद्रा आपणहून सुटतो.

अख्खा किडा दिसेल या आशेवर राहू नकोस. दिसतो तो तिळाएवढा तपकिरी डाग. बोटाने पुसू नकोस! मी पहिल्याच दिवशी माती समजून एक पंख पुसून टाकला होता. दहापट भिंग लाव, दगड उन्हात तिरपा धर, मग शिरा उमटतात. दोन्ही अर्धी जप, कधीकधी पाय एकीवर आणि पंख दुसरीवर असतात. ओला शेल वर्तमानपत्रात गुंडाळून सावकाश वाळव, नाहीतर तडकतो.

आणि अनोळखी माशी फेकू नकोस. आज आफ्रिकेत राहणारी त्सेत्से माशी याच दगडांत सापडली आहे.