क्वांटम डॉट्स टोचून कर्करोग शोधायची तपासणी कुठे होते? होत नसेल तर यांचा उपयोग काय?

कुठेच होत नाही. पेशंटच्या शिरेत कॅडमियमचे क्वांटम डॉट्स, म्हणजे प्रकाश टाकला की रंगीत उजळणारे काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अर्धवाहक कण, सोडायची तपासणी रुग्णालयात रुळलेली नाही, इथेही नाही आणि परदेशातही नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

पण ‘उपयोग काय’ हे मी दादाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो. दादा इथे बडोद्यातच सर्जन आहे, स्तनाच्या गाठी काढतो. एकदा त्याला आमच्या प्रयोगशाळेत घेऊन गेलो. दिवे मालवून कुप्यांवर यूव्ही दिवा धरला. सगळ्यांत एकच पदार्थ, कॅडमियम सेलेनाइड. कण 2 नॅनोमीटरच्या आसपास असला की निळा उजळतो, 6 च्या आसपास लाल. फरक फक्त आकाराचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी लावल्या. आतला सांगाडा फ्लुओरेसीन या नेहमीच्या चमकत्या रंगाने हिरवा रंगवलेला, आणि पेशीच्या कडेवरच्या हर-टू प्रथिनाला (स्तनाच्या काही कर्करोगांत हे फार वाढलेलं असतं) लाल डॉट्स चिकटवलेले. दादा फोकस जुळवत होता तेवढ्यात हिरवा विझत गेला. लाल कडा मात्र तशाच लखलखत राहिल्या. तो बराच वेळ डोळा लावून बसला आणि शेवटी म्हणाला, ‘‘सुंदर आहे रे, पण माझ्या पेशंटला यातून काय?’’

अरे दादा, बायोप्सी तरी पेशंटच्या अंगात होते का? तुकडा बाहेर काढून काचेवरच बघतात ना? हर-टू आहे की नाही ते काचेवर ठरतं, आणि त्यावर तू औषध ठरवतोस! न विझणारी खूण मिळाली म्हणूनच 2003 मध्ये पॅरिसमध्ये मक्सिम दाहाँ या संशोधकाच्या गटाला जिवंत चेतापेशीच्या पटलावर एकेक ग्लायसीन रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन) सरकताना बघता आला. शरीरात टोचलं तरच उपयोग, हा हट्ट मला मुळीच मान्य नाही. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना या कणांसाठी मिळालं, तेव्हाही दादाचा तोच प्रश्न होता.

आता विषाचं. हवेने किंवा यूव्हीने कणाचा पृष्ठभाग गंजला की कॅडमियम सुटून पेशी मरतात, हे 2004 मध्येच दाखवलं गेलंय. झिंक सल्फाइडचं कवच चढवलं की ते कमी होतं, पण पूर्ण थांबेलच असं नाही. शिवाय उंदरांवरच्या कामात दिसलं, की वेष्टणासकट साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीवाटे निघून जातात आणि मोठे अंगात अडकून राहतात. कॅडमियम नसलेल्या इंडियम फॉस्फाइड आणि कार्बन डॉट्सवर म्हणूनच एवढा जोर आहे. आणि हेही खरं, की हर-टूसाठी रुग्णालयात काचेवरच्या तुकड्याला अजून जुना तपकिरी रंगच वापरतात, डॉट्स नाहीत.

मी डॉक्टर नाही. घरात कुणाला गाठ लागत असेल तर डॉट्सची वाट बघू नका, बायोप्सी करून घ्या. प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर कार्बन डॉट्स घ्या, आणि गाईडने ‘पेशंटला काय’ म्हटलं तर त्यांना काचेवरची पेशी दाखवा.