ट्रॉफी मिळाली, पण सिस्टर टिकल्या नाहीत

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी नर्सिंग करून तीन वर्षं मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. गेल्या वर्षी तिला ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून ट्रॉफी मिळाली. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या बरोबरच्या चार सिस्टर सोडून गेल्या आणि डबल ड्युटी हिच्या गळ्यात पडली. आता ती म्हणते, एमबीए करून हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये जाते. तिचे बाबा म्हणतात, माणसं सांभाळायला डिग्री कशाला? पगार वाढवला की माणसं टिकतात. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तिच्या बाबांचं निम्मं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सुचवलं होतं, की ५० खाटांपेक्षा लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २० हजार मिळावेत आणि २०० खाटांच्या वरच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार असावा. आपल्याकडच्या कितीतरी सिस्टरना हे ऐकून हसू येईल. पगार तुटपुंजा असेल तर ट्रॉफी म्हणजे थट्टाच.

पण उरलेलं निम्मं फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडलं. पगार, कामाच्या वेळा, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस नाराज होतो. मात्र ती सुधारली म्हणून तो जीव ओतून काम करेलच असं नाही. त्यासाठी जबाबदारी, कौतुक, पुढे जायची वाट लागते. हॉस्पिटलात याचा अर्थ फार साधा असतो. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, किती दिवस आधी लागतं? सलग किती नाइट पडतात? मागितलेली रजा कोणाला मिळते आणि कोणाला नाही? सिस्टर नोकरी सोडतात त्या अनेकदा या प्रश्नांवर.

एक उदाहरण बघा. नाइटला इंजेक्शनचा डोस चुकता चुकता राहिला. सिस्टरने घटनेचा फॉर्म भरला, तर सकाळी इन्चार्जने सगळ्यांसमोर झापलं. त्या वॉर्डात पुढचा फॉर्म कोण भरणार? महिनाअखेरीला ‘शून्य चुका’ म्हणून त्याच वॉर्डाला बक्षीस मिळेल आणि धोका मात्र तिथेच राहील. (शून्य चुकांचा वॉर्ड दिसला की मला आधी शंका येते.) बक्षीस कशाला द्यायचं हे ठरवणं म्हणूनच नाजूक काम आहे.

आणि कोणाला, हेही. आयसीयूत ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती) देणारी, घेणारी, मावशी, वॉर्डबॉय यांचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं. भिंतीवर एकीचाच फोटो लागला की बाकीच्यांनी समजायचं काय? केंद्राच्या २०१५ च्या ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छतेसाठी सरकारी रुग्णालयांना बक्षीस मिळतं. त्यातली ७५ टक्के रक्कम सुविधांवर खर्चायची आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांच्या टीमला द्यायची, अशी सोय आहे. खासगी हॉस्पिटलांनी एवढं तरी उचलायला हरकत नाही.

तेव्हा माणसं सांभाळण्याचा हा विषय तुमच्या मुलीला आधीच कळतोय. तो नीट शिकता येतो आणि शिकावाही. मुंबईत ‘टिस’चा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम आहे, पुण्यात सिम्बायोसिसचा आहे, राज्याच्या सीईटीतून एमबीएचा मार्गही आहे. फक्त वैतागून उद्याच राजीनामा नको. ‘नाइट नको म्हणून मॅनेजमेंट’ एवढंच कारण असेल, तर ऑफिसात बसून तिला आणखी कंटाळा येईल.

आधी मेट्रनकडे, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांकडे, इन्फेक्शन कंट्रोलचं किंवा क्वालिटीचं काम मागून बघावं. हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापनाचं वेगळं प्रकरण आहे. मानांकनाची तयारी करणाऱ्या हॉस्पिटलांना वॉर्ड माहीत असलेली माणसं लागतात. वर्षभर हे काम करून आवडलं तर प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि फी भरण्यापूर्वी त्या कॉलेजची मुलं नोकरीला कुठे लागली हे मुलांनाच विचारावं.

नोकरी सोडताना बॉन्डची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे आहेत हे आधी तपासा. अनुभवाच्या दाखल्यात नुसतं ‘स्टाफ नर्स’ नको. आयसीयू, बेडची संख्या आणि क्वालिटीचं केलेलं काम लेखी घ्या.