सायटेशन मोजण्याआधी उघडून वाच

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

प्रमोशनची फाईल भरताना गूगल स्कॉलर उघडलंस, स्वतःचा एच-इंडेक्स चार दिसला आणि त्याच रात्री तुझ्या बॅचच्या मैत्रिणीचा सतरा पाहिलास. मग मला लिहिलंस की, सर, सर्पदंश सोडून डायबेटिसकडे वळू का? पत्रातलं बाकी सगळं बाजूला ठेवून या एका प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वळू नकोस. डायबेटिसनं तुला खरोखर झपाटलं तर खुशाल वळ, पण या आकड्यासाठी वळू नकोस.

तो आकडा आधी सुटा करून पाहू. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला. सायटेशन म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ. आपले पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरून मोजत यायचं. जिथपर्यंत पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होत नाही, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. तुझे सात पेपर असे आहेत: ४१, १२, ६, ४, २, ०, ०. चौथ्याला चार सायटेशन आहेत, पाचव्याला दोनच. म्हणून चार. आता ते ४१ सायटेशन कुणाचे ते बघ. अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या ज्या अभ्यासात आपल्या कॉलेजनं पेशंट दिले आणि लेखकांच्या लांबलचक यादीत तुझं नाव कुठेतरी मध्यावर आलं, त्या पेपरचे. तुझा स्वतःचा, थीसिसमधून निघालेला सर्पदंशावरचा पेपर सहा सायटेशनवर आहे. एच-इंडेक्सला हा फरक कळतच नाही. त्याच्या लेखी दोन्ही पेपर तुझेच. शिवाय तो कधी खाली येत नाही, त्यामुळे जो आधी लागला तो पुढे असतो. तुझी मैत्रीण एका मोठ्या कॅन्सर रजिस्ट्रीच्या, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या, टीममध्ये आहे. ती मेहनती आहे, हे मला माहीत आहे. पण त्या सतरामध्ये तिच्या मेहनतीचा वाटा किती आणि रजिस्ट्रीचा किती, हे त्या आकड्यावरून तिलाही सांगता येणार नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की धर. पेपरला किती सायटेशन मिळणार, हे त्या विषयावर पेपर लिहिणारे किती आहेत यावर ठरतं. त्या आजारानं माणसं किती मरतात, याचा त्याच्याशी फारच थोडा संबंध असतो. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ साली. शेतात मरणाऱ्या माणसांच्या आजारावर जगात लिहिणारे मोजके, त्यामुळे एकमेकांना सायटेशन देणारेही मोजकेच. तुझा सहाचा आकडा या मोजक्यांतला आहे. डायबेटिसमधल्या साठच्या शेजारी तो मांडायचाच नसतो. अशी तुलना करावीच लागली, तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट नावाचं मोफत साधन आहे. ते पेपरची तुलना त्याच्याच क्षेत्रातल्या पेपरांशी करतं आणि एखाद्या क्लिनिकल लेखानं तो घेतला आहे का, हेही दाखवतं. तिथे तुझा सर्पदंशाचा पेपर घालून बघ.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर तुझा फार वेळ जातो आहे असं दिसतं. तो जर्नलचा असतो, तुझा नसतो. आदल्या दोन वर्षांत त्या जर्नलनं छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ साली दोनच्या आसपासवरून एकदम पन्नासच्या घरात गेला. कारण जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एकच पेपर. क्रिस्टलचं काम करणारा जो तो त्यांचं सॉफ्टवेअर वापरायचा आणि त्या पेपरचा संदर्भ द्यायचा. त्या वर्षी त्याच जर्नलमध्ये छापलेल्या बाकी लेखकांचं काम काही पंचवीस पटीनं सुधारलं नव्हतं. आणि सायटेशन म्हणजे मान्यता, हेही धरून चालू नकोस. १९९८ साली लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा पेपर आला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा. २०१० साली तो मागे घेतला गेला. त्याला मिळालेल्या सायटेशनचा ढीग मोठा आहे. पुष्कळांनी तो खोडून काढण्यासाठीच संदर्भ दिला, पण मोजणाऱ्या यंत्राला सगळे सारखेच.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं फुप्फुसात पाणी भरून जात होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा या सगळ्याच्या तासातासाच्या नोंदी केल्या. १९८२ साली त्या नोंदी लॅन्सेटमध्ये आल्या. १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं केलेल्या उपचारावरचा लेख तिथेच आला. आधी गंभीर दंशात पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू प्राझोसिननंतर अगदी थोड्यांवर आले. ही स्वस्तातली गोळी आहे, ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळते. बिरवाडीत बसून कुणी आधी विचारलं असतं, की विंचवावर किती सायटेशन मिळतील, तर विंचवाचं नावही घेतलं नसतं. लॅन्सेटनं ते छापलं, कारण तसं निरीक्षण दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तुझ्याकडेही तुझ्या वॉर्डातलं असंच काहीतरी आहे, आणि ते मोठ्या शहरातल्या संस्थेकडे नाही.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या खेड्यांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, हे १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०११ साली देशानं घरोघरीच्या बाळ-काळजीचा कार्यक्रम घेतला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, तेव्हा ती कुठेही संदर्भ देत नाही. तिचं हे जाणं कुठल्याच डेटाबेसमध्ये मोजलं जात नाही.

म्हणून सायटेशन टाकाऊ आहेत असं मी म्हणेन, असं वाटलं असेल तर तसं नाही. ती फार उपयोगी आहेत, फक्त मोजण्यापेक्षा वाचण्यासाठी. सायन्स सायटेशन इंडेक्स ही संदर्भांची सूची काढणारे यूजीन गारफिल्ड यांनी १९८६ साली एक निबंध लिहिला, तो कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांच्यावर. डे यांनी १९५९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर गाळून जंतू काढून टाकले, तरी उरलेल्या द्रवानं सशाच्या आतड्यात पाणी साठतं. म्हणजे कॉलऱ्याचं विष असतं. आपल्याकडे त्यांना जिवंतपणी म्हणावा तसा मान मिळाला नाही. १९८५ साली ते वारले. गारफिल्ड यांनी कॉलऱ्यावरच्या पेपरांचे संदर्भ एकमेकांना जोडून नकाशा काढला आणि त्यात डे यांचं काम कुठे उभं आहे ते दाखवलं. सायटेशनचा खरा उपयोग हाच. कुणी कुणाच्या खांद्यावर पाय ठेवला, हे त्यातून दिसतं.

तुझ्या त्या सहा सायटेशनचंही हेच कर. सहाही पेपर डाउनलोड कर, तुझं नाव जिथे आलंय ती ओळ शोध आणि तिच्या पुढची-मागची दोन वाक्यं वहीत उतरवून घे. मी तुझ्यासाठी दोन उघडून पाहिले. एकानं प्रस्तावनेत ‘सर्पदंश ही ग्रामीण भारतातली गंभीर समस्या आहे’ या वाक्यापुढे तुझं नाव टाकलंय, आणखी पाच नावांबरोबर. ते सोडून दे. दुसऱ्यानं मात्र त्याच्या पद्धतीच्या भागात लिहिलंय की रक्त गोठण्याची चाचणी तुझ्या पेपरात दिल्याप्रमाणे केली. ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. तुझ्या पेपरात तू नेमकं लिहिलं होतंस की रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्येच घ्या, वीस मिनिटं हलवू नका, आणि प्लॅस्टिकची ट्यूब किंवा डिटर्जंटनं धुतलेली काचेची ट्यूब वापरलीत तर विष नसतानाही रक्त गोठत नाही असं दिसेल. ही बाब गाईडलाईनमध्ये आहेच. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नव्यानं रुजू झालेल्या इंटर्नला ती कोण सांगणार? तुझ्या पेपरमुळे दुसऱ्या एका जिल्ह्यात ती चाचणी नीट झाली. अशी एक ओळ प्रस्तावनेतल्या चाळीस नावांना भारी पडते.

फाईल मात्र भरावी लागेलच, आणि त्याबद्दल चिडू नकोस. समिरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं काम तपासलं, तेव्हा ३३२ संस्थांच्या नावावर एकही पेपर निघाला नाही. असं असताना नियामकांना काही तरी मोजावंसं वाटलं, यात गैर नाही. पण काय मोजायचं, हे सारखं बदलत आलंय. २०१५ साली मेडिकल कौन्सिलनं कळवलं की ई-जर्नलमधले पेपर धरणार नाही आणि इंडेक्स कोपर्निकस या डेटाबेसमधलं जर्नल चालेल. पुढे तेही बदललं. यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची यादी पुण्याच्या विद्यापीठातून चालायची, तीही २०२५ साली बंद झाली. म्हणून यादीच्या मागे धावून पेपर लिहू नकोस. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये सापडेल, नीट रिव्ह्यू होईल अशा जर्नलला पाठव, ते बहुतेक नियमांत बसतं. ‘चार दिवसांत स्वीकारतो, अमुक फी भरा’ असं ज्या मेलमध्ये असेल, तो उघडल्याउघडल्या उडवून टाक. आपल्याकडे अशा पेपरांवर माणसं प्रोफेसर झाली आहेत आणि आता त्यांना ते पेपर बायोडाटातून गाळताही येत नाहीत आणि दाखवताही येत नाहीत.

स्टॅनफर्डच्या दोन टक्क्यांच्या यादीत, म्हणजे सायटेशनवरून काढलेल्या जगातल्या वरच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत, तुमच्या एका सरांचं नाव आलं म्हणून कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला, हे तू लिहिलंस. त्यांचं अभिनंदन कर. ती यादी मनापासून केलेली आहे; लेखकानं स्वतःचेच दिलेले संदर्भ वगळूनही आकडा देते आणि पहिलं, एकटं, शेवटचं नाव यांना वेगळं वजन देते. पण ती वाचताना तळाच्या टिपाही वाच. आणि कुठलाही आकडा फाईलमध्ये लिहिताना तो कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, हे शेजारी लिही. गूगल स्कॉलर थीसिस आणि परिषदांचे गोषवारेही धरतं, स्कोपस हा डेटाबेस बरंच गाळतो; एकाच माणसाचे दोन आकडे निघतात आणि मग समितीपुढे उगाच खुलासे करत बसावं लागतं. ऑर्किडचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख-नंबर काढला नसशील तर आजच काढ. तुझ्या नावाच्या आणखी किती डॉक्टर महाराष्ट्रात असतील, विचार कर.

नावांचा प्रश्न राहिला. विभागप्रमुखांनी पेपरात त्यांच्या भाच्याचं नाव घालायला सांगितलं, आणि तू गप्प बसलीस. पेपर लिहून झाल्यावर हा विषय निघाला की ज्युनिअरची बाजू नेहमीच पडते. पुढच्या वेळी एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या प्रोटोकॉलमध्येच शेवटच्या पानावर कोण काय करणार ते लिहून टाक आणि सगळ्यांच्या सह्या घे. आंतरराष्ट्रीय जर्नल संपादकांच्या चार अटी आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा त्यातल्या दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. त्या सह्यांच्या वर छापून ठेव. मग नकार तुला द्यावा लागत नाही, कागदच देतो. आणि ज्या टेक्निशियननं रात्रपाळीत प्रत्येक ट्यूबवर वेळ लिहिली, त्यांनी या चारही अटी पूर्ण केल्या तर त्यांचं नाव लेखकांत आलं पाहिजे. मसुदा त्यांना वाचायला दे. इंग्रजी अडत असेल तर मराठीत समजावून सांग आणि त्यांच्या सूचना घे.

मुलाखतीत वरिष्ठ विचारतील, तेव्हा सातही पेपर घडाघडा म्हणत बसू नकोस. तीनच निवड आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं तयार ठेव: आधी काय कळत नव्हतं, या पेपरनं काय कळलं. चाचणीचा पेपर पहिला सांग. त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या लेखकांना आजच मेल कर, त्यांनी चाचणी कशी केली, काय अडचण आली ते विचार. पुढचा अभ्यास त्यांच्याबरोबर करता येईल.

त्या अभ्यासाचा प्रोटोकॉल मला महिनाअखेरपर्यंत पाठव. घोणस आणि फुरसं एकाच कॉलममध्ये घालू नकोस, किडनीचा प्रश्न घोणसीचा जास्त आहे. आणि दंशापासून अँटिव्हेनमच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, पहिल्या डोसपर्यंतचा वेळ नातेवाइकांच्या आठवणीवर सोडू नकोस; प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रेफरल चिठ्ठीवरची वेळ घे, चिठ्ठी नसेल तर तसं लिही.

तुझा,
सर