वारांद वाचायला घेताय?

वारांद हे १९५४ साली तेहरानात जन्मलेले इराणी आर्मेनियन कवी. स्वतःची कविता आर्मेनियनमध्ये लिहितात आणि हाफिज, खय्याम यांसारखे फारसी कवी आर्मेनियनमध्ये आणतात. तुम्ही म्हणताय, आधी त्यांच्या कविता वाचतो. माझं ऐका, अनुवादांपासून सुरुवात करा. खय्याम तुम्हाला माधव ज्युलियनांच्या मराठी अनुवादांमुळे ओळखीचा असेलच (नसेल तर आधी ते वाचा!). रुबाईत, म्हणजे खय्यामच्या चार ओळींच्या कवितेत, पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात, तिसरी मोकळी. आर्मेनियनमध्ये ही बांधणी कुठे टिकते, कुठे सैल पडते, ते कानांनी तपासा, अर्थ नंतर.

लिपी शिकताना एक अडचण येईल. आर्मेनियात १९२२ पासून शुद्धलेखन बदललं. इराणी आर्मेनियन मात्र जुनंच वापरतात. म्हणून एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला दिसेल. शब्दकोश जुन्या पद्धतीचाच घ्या, नाहीतर निम्मे शब्द सापडणारच नाहीत.

इतिहासासाठी इराणातल्या इस्फहानच्या नव्या जुल्फा या आर्मेनियन वस्तीबद्दल थोडं वाचा. तिथल्या आर्मेनियनांनी १६३८ मध्ये स्तोत्रांचं पुस्तक छापलं होतं. सनावळ्या मात्र पाठ करू नका, कंटाळाल.